पीडीएफ वाचायची कशावर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, माझी सारी नोकरी ग्रंथालयात झाली. त्यामुळे असेल, पण अलीकडे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: 'पीडीएफ वाचायला काय घेऊ?' विचारणाऱ्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले असतात, तशीच मोबाइलवर डोळे ताणून दमलेली निवृत्त मंडळीही असतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, एवढेच काय, सातबाराचा उताराही आज पीडीएफमध्ये मिळतो. तेव्हा हा प्रश्न काही चैनीचा राहिलेला नाही.

ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती एका हेतूने. कोणत्याही संगणकावर उघडा, कोठेही छापा, पान जसेच्या तसे दिसले पाहिजे. ओळ जिथे तुटली तिथेच तुटणार. छपाईसाठी हा मोठा गुण. पण लहान पडद्यावर वाचताना नेमका तोच आडवा येतो. ई-पुस्तकाची अक्षरे मोठी केली की ओळी आपोआप नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये अक्षर मोठे केले की सारे पानच मोठे होते आणि पडद्याबाहेर जाते.

थोडा हिशेब करू. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर. सहा इंची ई-रीडरचा पडदा जेमतेम ९० मिलिमीटर रुंद. पूर्ण पान त्यात बसवले, की १२ पॉइंटचे अक्षर ५ पॉइंटचे होते. आपल्या काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे एवढ्या आकारात कशी ओळखायची? मोबाइलवर तर ते ४ पॉइंटवर येते. दहा इंची ई-रीडरवर मात्र समास कापून टाकले, तर हेच अक्षर जवळपास १० पॉइंटचे दिसते. म्हणून ज्यांचे वाचन मुख्यतः पीडीएफचे आहे, त्यांना मी सांगतो, पडद्याचा आकार आधी बघा, बाकीचे गुण मागाहून. दहा इंची यंत्र महाग पडते, हे खरे. तेवढे पैसे नसतील तर साधा टॅब्लेटही चालतो.

मग ई-रीडरचा फायदा काय? त्याच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगकणांच्या अतिसूक्ष्म कुप्या असतात. कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करून तो दिसतो. त्यामुळे उन्हातही स्वच्छ वाचता येते. वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते, म्हणून बॅटरी दिवसेंदिवस टिकते. पण पाने भराभर चाळायची असतील, रंगीत नकाशे किंवा आकृत्या पाहायच्या असतील, तर टॅब्लेट बरा.

हाताशी सहा इंची यंत्र असेल त्यांनीही निराश होऊ नये. समास कापा आणि यंत्र आडवे धरा. तेच ५ पॉइंटचे अक्षर ९ पॉइंटपर्यंत जाते. अर्धे पान दिसेल, पण सुखाने दिसेल. 'केओरीडर' नावाचे एक मोफत सॉफ्टवेअर आहे. ते कोबो, पॉकेटबुक अशा यंत्रांवर आणि अँड्रॉइडवर चालते. ते पानाचे चित्र शब्दाशब्दांत कापून ओळी नव्याने रचते. अक्षर ओळखण्याच्या फंदात ते पडत नाही, चित्रच हलवते. त्यामुळे स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकांवरही त्याचा उपयोग होतो. कोष्टके आणि गणिते मात्र विस्कटतात.

संगणकावर नुसते वाचायचे असेल तर ब्राउझर पुरतो. विंडोजवरचे 'सुमात्रा' अगदी लहान आणि चपळ आहे. जुन्या संगणकावर शेकडो पानांचा ग्रंथही चटकन उघडतो. वाचता वाचता अधोरेखन आणि टिपणे करायची असतील तर 'ऑक्युलर' घ्यावे. ही दोन्ही मोफत आहेत. 'ॲक्रोबॅट रीडर' जड आहे खरे, पण सरकारी अर्ज भरायला आणि डिजिटल सहीची खातरजमा करायला तेच हाताशी असावे. बहुतेक ब्राउझर सही नुसती दाखवतात, तपासत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. यंत्र कितीही चांगले घेतले, तरी मुळात पीडीएफच वाईट असेल तर काय? जुन्या मराठी फाँटमध्ये अक्षरांचा फक्त आकार मराठी असतो. आत इंग्रजी अक्षरे दडलेली असतात. त्या फाइलमध्ये 'शाळा' शब्द शोधला तर सापडत नाही. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये तर अक्षरेच नसतात, नुसते फोटो असतात.

आपल्याला ही गैरसोय वाटते. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे मात्र त्यापायी वर्ष वाया जाऊ शकते. ही मुले संगणकाकडून पुस्तक वाचून घेतात. आमच्या ग्रंथालयात असाच एक विद्यार्थी नोट्सची फाइल घेऊन आला होता. त्याने ती उघडली, कान देऊन ऐकत राहिला आणि संगणक गप्पच. सगळी पाने स्कॅन केलेली. परीक्षा तोंडावर आलेली. शेवटी दोन मैत्रिणींनी आळीपाळीने बसून त्या नोट्स त्याला वाचून दाखवल्या.

याला उपाय आहे. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा. जुनी पाने स्कॅनच करावी लागली, तर ती अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावीत. 'टेसरॅक्ट' हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही ओळखते. चुका राहतात, त्या तपासाव्या लागतात, पण कोऱ्या शांततेपेक्षा ते केव्हाही बरे.

शिक्षक, प्रकाशक, कार्यालयातील मंडळी, आपण सगळेच आता पीडीएफ तयार करतो. माझी एवढीच विनंती आहे: फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातला एखादा मराठी शब्द शोधून पाहा. सापडला, तर ती फाइल बहुधा ऐकणाऱ्यालाही वाचता येईल. नाही सापडला, तर पाठवण्याआधी दुरुस्त करा.