शाळा कोणाची, याआधी शिक्षकाचे बोलू
(जळोची येथील शिक्षण परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



जळोची हे आता नावापुरते गाव उरले आहे. ग्रामपंचायत जाऊन आपण नगरपरिषदेच्या हद्दीत आलो, बाजार समितीचा उपबाजार इथे आहे आणि एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे. सकाळी या रस्त्यावर उभे राहिले, तर ज्या वादासाठी आपण जमलो आहोत तो डोळ्यांपुढून जाताना दिसतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या भरून जातात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने काही मुले सरकारी शाळेकडे पायी निघालेली असतात. मुले एकाच गल्लीतली असतात, कधी एकाच घरातली. मुलगा गाडीत आणि मुलगी पायी, असेही चित्र काही घरांत आहे. त्यावर या दोन दिवसांत कोणी बोलले नाही, तर या परिषदेचे काम अपुरे राहील.

सरकारी शाळा चांगली की खाजगी, या प्रश्नावर पुष्कळ बोलले जाते. माझे म्हणणे असे की, महाराष्ट्राच्या अनुभवावरून पाहता शाळेची मालकी कोणाकडे आहे याने फारसा फरक पडलेला नाही. शिक्षक कोणत्या अटींवर वर्गात उभा आहे, याने पडला आहे. 1882 साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी होती, हे आपण सगळे सांगतो. त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचा पगार दरमहा 12 रुपयांच्या खाली असू नये, असाही आग्रह होता. तो भाग आपण सांगायचा विसरतो. शेतकऱ्याच्या मुलाला शिकवायचे तर शिकवणाऱ्याला पोटाची भ्रांत असता कामा नये, हे जोतीरावांनी ओळखले होते. 1917 साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. दोन वर्षांनी, 1919 साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘रयत’ ही कायद्याच्या भाषेत खाजगी संस्था. आपल्या बारामतीत 1972 साली उभे राहिलेले विद्या प्रतिष्ठानही खाजगीच. पण खेड्यापाड्यांत पसरलेल्या अशा संस्थांच्या माध्यमिक शाळा टिकल्या, वाढल्या, त्या शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून आला म्हणून. संस्था समाजाची, पगार शासनाचा, फी नाममात्र. ही व्यवस्था महाराष्ट्राने स्वतः घडवली. तिच्यामुळे जिरायती पट्ट्यातल्या सुप्या-मोरगावच्या मुलाला आणि नीरा डाव्या कालव्याखालच्या बागायतदाराच्या मुलाला एकाच बाकावर बसता आले. 1977 साली खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला आणि संस्थाचालकाची मर्जी गेली की नोकरी गेली, हा प्रकार निदान कागदावर तरी थांबला.

ही व्यवस्था दोन्ही टोकांनी उसवत गेली. 2000 साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम, आणि प्राथमिकसाठी मानधन सुरुवातीला महिना 3,000 रुपये. ते 16,000 व्हायला 2023 साल उजाडावे लागले. याच काळात नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानग्या दिल्या गेल्या. 2009 साली त्यातला ‘कायम’ शब्द वगळला, तरी अनुदान टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे रखडत आले. पंधरा-पंधरा वर्षे बिनपगारी वा तुटपुंज्या पगारावर शिकवणारे शिक्षक आझाद मैदानात उपोषणाला बसलेले आपण पाहिले. 2012 च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे दार उघडले. तिथे फी पालकाची आणि पगार संस्थेच्या मर्जीचा. जुलै 2023 मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपये मानधनावर घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे सरकारी शाळेत शिक्षकाची जागा रिकामी, आणि खाजगी शाळेत जागा भरलेली पण त्या जागेवरच्या माणसाला उद्याचा भरवसा नाही. सरकारी विरुद्ध खाजगी म्हणून आपण ज्यांना समोरासमोर उभे करतो, त्या दोन्हीकडच्या शिक्षकांचे दुखणे एकच आहे.

सरकारी शाळेचे दुखणे नेमके काय, ते जवळून पाहू. नोव्हेंबरचा महिना धरा. गाळप हंगाम सुरू झालेला आहे. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या परिसरात बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडल्या आहेत. जवळच्या वस्तीवर पहिली ते चौथीची दोन शिक्षकांची शाळा आहे. चार इयत्ता, दोन माणसे. त्यांतला एक बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला लागलेला. दुसऱ्याने सकाळी तांदूळ मोजून द्यायचा, खिचडी शिजली की आधी स्वतः चाखून चव रजिस्टरला नोंद करायची, उपस्थितीचा आकडा मोबाईलवरून भरायचा, कोणत्या तरी उपक्रमाचे फोटो दुपारच्या आत पाठवायचे. अशात कोपीवरची एखादी पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहते. तिचे नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेच्या पटावर आहे, वाचन पहिलीचे, वय चौथीचे. मार्चअखेर ती निघून जाणार. हिला वर्गात घेणे जिल्हा परिषदेच्या शिक्षकावर बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पिवळ्या गाडीच्या शाळेवर असे बंधन नाही. दोन शाळांच्या निकालांची तुलना करणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे, की एका शाळेला मुले निवडता येतात आणि दुसरीला नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अन्य कामाला लावता येत नाही. व्यवहारात निवडणुकीचे काम वर्षभर पुरते, आणि बाकीची कामे ‘माहिती’ या नावाखाली येतात.

आता या म्हणण्यावर येणारे आक्षेप. पहिला सर्वांत वजनदार आहे आणि तो अभ्यासावर आधारलेला आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चिठ्ठ्या टाकून काही गरीब मुलांना खाजगी शाळेची फी दिली, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांच्याशी त्यांची तुलना केली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खाजगी शाळेची मुले पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत हिंदी शिकवलीच जात नव्हती. मात्र खाजगी शाळेचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. मग तेवढेच शिक्षण कमी पैशांत मिळत असेल, तर पगारी शिक्षक हवेत कशाला, असे विचारले जाते. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण उत्तर देताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाजगी शाळेने जास्त शिकवले नाही, हा त्या अभ्यासाचा पहिला निष्कर्ष आहे. बापाने शेती गहाण ठेवून फी भरावी, असे काही त्यातून सिद्ध होत नाही. दुसरे असे की, तो स्वस्तपणा आला मुख्यतः शिक्षकाच्या पगारातून. गावात शिकलेली मुलगी आहे, तिला दुसरीकडे नोकरीला जाऊ दिले जात नाही, म्हणून ती सात-आठ हजारांत शिकवते. हा स्वस्तपणा तिच्या अडचणीवर उभा आहे. ज्या दिवशी तिला दुसरा रस्ता मिळेल त्या दिवशी ती शाळा सोडेल, आणि वर्ष संपण्याआधी वर्गाला नवी बाई येईल. अशा शाळांत मुलांचे शिक्षक किती वेळा बदलतात, हे इथे बसलेल्या पालकांना मी सांगायला नको.

कंत्राटी शिक्षकाबद्दलही असेच आहे. केनियात कंत्राटी शिक्षकांची एक योजना स्वयंसेवी संस्थेने राबवली तेव्हा मुलांची प्रगती झाली; तीच योजना तिथल्या सरकारने हाती घेतली तेव्हा परिणाम शून्य. पगार वेळेवर मिळेनात, देखरेख ढिली पडली. आपल्याकडे सरकारी यंत्रणा कंत्राटी शिक्षकाचे मानधन दरमहा एक तारखेला देईल, असे कोण छातीठोकपणे म्हणेल?

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या या सभेत बोलायला अवघड, पण बोललाच पाहिजे. पगार पक्का झाला की शिक्षक वर्गात ढिला पडतो, असे पालक म्हणतात आणि ते सगळेच खोटे बोलत नाहीत. इंडोनेशियात शिक्षकांचे मूळ वेतन जवळजवळ दुप्पट केले, त्याचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही, हेही अभ्यासातून पुढे आले आहे. तेव्हा केवळ पगाराने शाळा सुधारते असे म्हणणारा स्वतःला फसवतो. पगार ही पहिली अट आहे, एकमेव अट नाही. दुसरी अट हिशेब देण्याची, आणि तो हिशेब पंचायत समितीच्या साहेबाला देण्यापेक्षा पालकांना द्यावा, असे माझे मत आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. किती शाळांत ही समिती सह्यांच्या पलीकडे जाते? सत्राच्या शेवटी, वर्गातली किती मुले धडा वाचू शकतात आणि किती मुलांना हातच्याची वजाबाकी येते, एवढेच समितीपुढे सांगायला काय हरकत आहे? हा आग्रह शिक्षक संघटनांनी स्वतः धरला, तर कायमस्वरूपी नोकरीच्या मागणीला गावाचा पाठिंबा मिळेल. धरला नाही, तर गाव तटस्थ राहील, आणि तटस्थ गावातली शाळा बंद करणे सोपे असते.

पूर्वीचे गुरुजी त्यागाने शिकवत, हाही एक मुद्दा वारंवार येतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या 1884 च्या पिढीने कमी वेतन पत्करले हे खरे. पण ते आजीव सदस्य होते, संस्था त्यांचीच होती, निर्णय त्यांचे होते. स्वतःच्या संस्थेसाठी केलेला त्याग वेगळा आणि दुसऱ्याच्या संस्थेत अर्ध्या पगारावर सही करून घेतलेली लाचारी वेगळी.

राहिला पालकाच्या निवडीचा प्रश्न. पालक इंग्रजीसाठी बाहेर पडतो, म्हणून आपण त्याला दोष देऊ नये. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतात सरकारी शाळेतल्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 65.6 टक्के होते, करोनानंतर 2022 मध्ये ते 72.9 टक्क्यांवर गेले आणि 2024 मध्ये पुन्हा 66.8 वर आले. घरची मिळकत आटली तेव्हा मुले सरकारी शाळेत आली, हात सुटा झाल्यावर परत गेली. मुले दारात आलेली असताना आपण त्यांना थांबवू शकलो नाही, याची खंत मला वाटते. उजनीच्या पलीकडे माढा तालुक्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले. आपल्याच जिल्ह्यातली खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा 2025 साली जगातल्या उत्तम शाळांच्या अंतिम यादीत आली. सरकारी शाळेत काय होऊ शकते ते यातून दिसते. पण चांगल्या शाळेसाठी दर वेळी असामान्य शिक्षक लागत असेल, तर ती व्यवस्था नव्हे. सामान्य, प्रामाणिक शिक्षकाला चांगले शिकवता येईल, एवढी सोय व्यवस्थेत असली पाहिजे.

आणि निवडीची भाषा करणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेत 25 टक्के जागा कायद्याने मिळाल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर त्या खाजगी शाळेला यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. निवड सर्वांसाठी असेल तर ती याही मुलांसाठी असायला हवी, आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती शाळांना थकबाकी न ठेवता मिळायला हवी. संस्थाचालकांची ही तक्रार रास्त आहे.

शेवटी या परिषदेपुढच्या एका विषयाकडे लक्ष वेधतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात 14,783 असल्याचे 2023 मध्ये पुढे आले, आणि त्यांच्या जागी समूह शाळांचा विचार सुरू झाला. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या पानशेतचा दाखला दिला जातो. जिथे रस्ता आणि वाहन खात्रीचे आहे तिथे मोठी शाळा मुलांच्या हिताची ठरू शकते, याला माझा विरोध नाही. पण वस्तीवरची शाळा बंद झाली की सर्वांत आधी गळते ती कोपीवरची, धाकट्या भावाला सांभाळणारी पोर. म्हणून जी शाळा बंद करायची, तिच्या व्यवस्थापन समितीचा लेखी होकार घ्यावा आणि पुढच्या दोन वर्षांत त्या शाळेतली किती मुले नव्या शाळेच्या पटावर टिकली याची यादी जाहीर करावी, असा ठराव उद्याच्या सत्रात मांडण्याची विनंती मी अध्यक्षांना करतो. त्याच ठरावात विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांतील शिक्षकांचा पगार बँक खात्यावर आणि पूर्ण जमा होतो की नाही, याची तपासणी शिक्षण विभागाने दरवर्षी करावी, हेही यावे. मसुदा स्वागत समितीने तयार ठेवला आहे. त्यात सुधारणा करण्याचा पहिला हक्क आज इथे आलेल्या पालक भगिनींचा आहे.