गावचा कुत्रा आणि त्याची लस



खेड्यातील शाळेत मुले येतात, तेव्हा त्यांच्या मागोमाग एखादे कुत्रेही येते. ते पडवीत बसते, मधल्या सुट्टीत भाकरीचा तुकडा मिळविते आणि शाळा सुटली की मुलांबरोबर परत जाते. हे कुत्रे कोणाचे, असे विचारले असता मोठी माणसे ‘कोणाचेच नाही’ म्हणतात. मुले मात्र त्याचे नाव सांगतात. कुत्र्यांना लस टोचण्याच्या कार्यातील खरी अडचण या दोन उत्तरांत आहे. गाय-म्हैस दावणीला असते, तिच्या दुधावर घर चालते, म्हणून लाळ-खुरकुताची लस तिला टोचून घेण्याकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. राखणीच्या कुत्र्याला दावण नाही. त्यामुळे त्याला गुरांच्या दवाखान्यात नेणारे कोणी नसते.

याची किंमत बहुधा मुलेच देतात. जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे 40 टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात, आणि एकूण मृत्यूंपैकी एकतृतीयांशाहून अधिक भारतात होतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो. त्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. चेहरा, मान किंवा हात यांवरील चावा मेंदूला जवळचा असल्याने अधिक घातक असतो. लहान मुलाचा चेहरा तर कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर येतो.

पिसाळलेला कुत्रा अंगावर धावून येतो, एवढेच बहुतेकांस ठाऊक असते. परंतु पुष्कळ कुत्री धावत नाहीत. कोपऱ्यात निपचित पडून राहतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घोट घेता येत नाही. घशात हाड अडकले असावे या समजुतीने एखादा कनवाळू मुलगा त्याच्या तोंडात हात घालतो. दया हीच येथे घातास कारण होते. शिवाय, लक्षणे उघड होण्यापूर्वी काही दिवस कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ लागतो. तेव्हा ‘कुत्रा चांगला दिसत होता’ ही साक्ष पुरेशी नव्हे. उन्हाने कुत्रा पिसाळतो, ही समजूतही चुकीची आहे.

या लसीचा इतिहास पाहता माणसाच्या आधी ती कुत्र्यालाच टोचली गेली. लुई पाश्चर यांनी प्रथम कुत्र्यांवर प्रयोग करून त्यांना रोगापासून सुरक्षित केले, आणि त्यानंतर 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पॅरिसमध्ये पहिली मात्रा देण्यात आली. तो मुलगा वाचला. आपल्याकडे कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस सिद्ध केली. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा टोचण्या त्याच लसीच्या. ती लस भारतात 2004 नंतर बनविली जात नाही. परंतु तिची दहशत अद्याप घराघरांत टिकून आहे, आणि त्या भीतीपोटी मुले चावा लपवितात. आता लस दंडात दिली जाते, मात्राही थोड्या असतात.

गावातील प्रत्येक कुत्र्याला लस टोचणे कठीण वाटते. तथापि 100 पैकी 70 कुत्र्यांना ती मिळाली, तर रोगाची साखळी तुटते. पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतला, तरी तो बहुधा सुरक्षित कुत्र्यालाच लागतो. मात्र दरवर्षी नवी पिल्ले जन्मतात, म्हणून हे काम दरवर्षी व्हावयास हवे. गोव्यात हे घडून आले. तेथे गावोगावी कुत्री धरून लस टोचण्यात आली, शाळाशाळांतून मुलांना धडे देण्यात आले, आणि 2021 मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

सत्तर हा आकडा गाठण्यासाठी आधी एकूण कुत्री किती, हे कळावे लागते. ती मोजणी ग्रामपंचायतीच्या दप्तरात क्वचितच सापडेल. चौथीच्या वर्गाला मात्र ती एका तासात करता येते. कोणत्या आळीत किती कुत्री, कोणती व्याली, कोणते कोणाच्या हाकेला येते, हे मुलांना पाठ असते. ‘कोणाचेच नाही’ असे कुत्रेही ज्याच्या हाकेला येते, त्याच्याबरोबर ते लस टोचण्याच्या जागी जाते. मुलासोबत घरचे मोठे माणूस मात्र असावे. पिल्लांची नोंद वेगळी ठेवणे बरे, कारण मुले सर्वांत अधिक खेळतात ती पिल्लांशी, आणि पिल्लाचा दात लागला तर तो चावा म्हणून कोणी धरीत नाही.

चावा अथवा ओरखडा झालाच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, तिखट, हळद काहीही लावू नये, आणि मुलास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यावे. रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत द्यावयाचे दुसरे औषधही लागते; ते कोठे मिळेल, हे तेथे विचारून घ्यावे. कातडीत द्यावयाच्या मात्रा पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेनंतर जखम सुकते, शेतीची घाई असते, आणि शेवटची मात्रा राहून जाते. त्या चार तारखा हजेरीपटात मुलाच्या नावापुढे लाल शाईने लिहून ठेवता येतील. गावात कुत्र्यांना लस टोचल्याची तारीखही त्याच पटाच्या शेवटच्या पानावर लिहिता येईल.