घरच्या शाळेत चित्रकलेचा तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझी दोन्ही मुले शाळेत न जाता घरीच शिकतात, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलण्याचा आग्रह केला, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. “गणित, भाषा, विज्ञान हे सारे सांभाळून चित्रकलेला वेळ काढता तरी कसा?” माझे उत्तर सोपे आहे. मी वेळ काढीत नाही. तो आधीच नेमून ठेवला आहे.

शाळेत घंटा होते आणि चित्रकलेचे शिक्षक वर्गात येतात. घरात घंटा नसते. नळाचे पाणी, पैपाहुणा, दुखणीखुपणी यांत एखादा विषय गाळायची वेळ आली, की पहिली पाळी चित्रकलेची. कारण तिच्यावाचून कोणाचे अडत नाही, असे आपण धरून चालतो. आणि घरच्या शाळेत आईच्या हातून जे सुटले, ते उचलून घ्यायला दुसरे कोणी नसते.

आपल्या आज्या-पणज्यांनी रांगोळीसाठी कधी वेळ शोधला होता काय? दारात सडा पडला की रांगोळी ओघानेच येई. वारली घरांत लग्न ठरले की सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. कला अशी दिवसाच्या, वर्षाच्या एखाद्या खुंटीला अडकवलेली होती, म्हणून ती टिकली. मी तेवढेच त्यांच्यापासून घेतले.

आमच्या घरी खुंट्या तीन. सकाळची न्याहारी झाली की दहा मिनिटे रेखाटन. समोर खलबत्ता असो की लसणाचा गड्डा. वस्तूकडे अधिक पाहायचे, कागदाकडे कमी. शनिवारी दुपारी रंगकाम. तांबडा, पिवळा, निळा आणि पांढरा एवढेच रंग मी देते; हिरवा, जांभळा ज्याचा त्याने मिसळून काढायचा. तिसरी खुंटी रविवारच्या चहाची. तेव्हा एक चित्र पाहावयाचे. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांच्या पद्धतीत एका सत्रात एकाच चित्रकाराची सहा चित्रे मुलांपुढे ठेवीत. मूल चित्र निरखून पाहते, मग ते पालथे घालून काय पाहिले ते आपल्या शब्दांत सांगते. पद्धत मी त्यांची घेतली, चित्रकार मात्र आपले. सध्या म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) चालू आहेत. सत्र संपले की औंधास जाऊन, पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात मूळ चित्रे पाहण्याचा बेत आहे.

थोरला अकरा वर्षांचा. या वयात पुष्कळ मुले “मला चित्र येत नाही” म्हणून पेन्सिल कायमची खाली ठेवतात. डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. उणे दिसते, पण सुधारता येत नाही. गेल्या पावसाळ्यात हाही तसेच म्हणाला. मामंजी म्हणाले, “जाऊ दे की! तोच वेळ गणिताला दे.” मी वेळ हलविली नाही. त्याला म्हटले, “चित्र काढू नकोस. छत्रीच्या काड्या किती आणि कोठे वाकतात, एवढेच टिपून ठेव.” आठवडाभर नुसत्या छत्र्याच झाल्या. शेवटचा कागद मामंजींनी चष्मा लावून पाहिला, काड्या मोजल्या आणि म्हणाले, “आठ. बरोबर आहेत.” त्यानंतर गणिताची गोष्ट निघाली नाही.

दहावीची काळजी कोणास वाटत असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या त्या परीक्षेला चित्रकला हा विषय घेता येतो. पण मी तो परीक्षेसाठी शिकवीत नाही. पाहायला शिकलेले मूल पानाफुलांचे विज्ञानही नीट पाहते.

मुले शाळेत जाणाऱ्या भगिनींनीही हे करून पाहावे. सामान माळ्यावर टाकू नका. मुलाच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. त्याच्या चित्रावर आपली पेन्सिल चालवू नका. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालून तो जपून ठेवा. तीन महिन्यांनी ते आपणच मागची पाने चाळील.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपल्या वाचनालयाच्या कपाटात चांगल्या छापील चित्रांचा एक संच यावा आणि पुस्तकांप्रमाणे तो आठवड्यासाठी घरी मिळावा. पहिल्या सहा चित्रांचा खर्च मी आनंदाने देईन.