आईला उमगेल अशी वाणी



संभाषणकलेचे वर्ग आज गावोगावी भरतात. परंतु या कलेची पहिली पाठशाळा म्हणजे आपले घर. आचार्य विनोबा भावे यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना गीता समजून घेण्याची ओढ होती. संस्कृत मात्र येत नव्हते. विनोबांनी मराठी पद्यानुवाद आणून दिला, तोही त्यांना अवघड वाटला. तेव्हा, तूच का करीत नाहीस, असे त्या माउलीने मुलाला सुचवले. आपल्याला समजत नाही, हे तिने संकोच न करता सांगितले. मुलानेही त्यात आईचा उणेपणा पाहिला नाही.

१९१८ मध्ये रुक्मिणीबाई निवर्तल्या. ‘गीताई’ रचली गेली १९३०-३१ मध्ये. ऐकायला आई नव्हती. ग्रंथाच्या नावात मात्र ती राहिली. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. सोप्या मराठीतील ती वाणी साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली.

आपले बोलणे समोरच्याला कळले नाही, तर आपण त्याच्या आकलनाला दोष देतो. आज घरी गेल्यावर मनातला एखादा विचार आईला, आजीला सांगून पाहा. तिला उमगला, तरच तो समाजापुढे मांडण्याचा अधिकार आपल्याला लाभेल.