एका उद्यानाचे नाव



साखळीच्या श्रोत्यांपुढे पणजीच्या बागेविषयी बोलण्याचे ठरविले, याचे काहींना नवल वाटले असेल. चर्चसमोरच्या गार्सिया द ओर्ता उद्यानाच्या कठड्यावर आपल्यापैकी अनेकजण बसची वाट पाहत किंवा कचेरीतले काम संपण्याची वाट पाहत बसले असतील. ज्याच्या नावाची ही बाग, तो कोण, हा प्रश्न मात्र तेथे सहसा कोणाला पडत नाही.

१८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला आणि शतकाच्या मध्यास ही बाग आखली गेली. तिच्या मध्यभागी स्तंभ उभा राहिला तो १८९८ साली; वास्को द गामाच्या आगमनाला चारशे वर्षे झाली म्हणून. स्तंभाच्या माथ्यावर त्याचा अर्धपुतळा होता. हे साल येथील श्रोत्यांनी जरा थांबून ऐकावे. दादा राणे यांचा उठाव १८९५ ते १८९७ या काळातला. तो शमतो न शमतो तोच राजधानीत हा उत्सव मांडला गेला. त्यात वैभवाइतकीच धास्तीही होती, असे माझे मत आहे. १९६१ च्या मुक्तीनंतर गामा उतरला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. हे योग्यच झाले.

ओर्ताची गोष्ट मात्र वेगळी आहे. हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याने चिकित्सा केली; मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सत्तेकडून भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातील औषधी, फळे आणि मसाले यांची चर्चा आहे. प्राचीन ग्रीक आचार्यांच्या वचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले आणि येथल्या माणसांकडून ऐकलेले त्याला अधिक खरे वाटे. त्या काळात असे लिहायला धैर्य लागत असे.

१५६८ मध्ये तो वारला. तो ज्यू वंशातील, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला होता. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याच्या स्वतःच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या. ते न्यायासन १८१२ साली कायमचे बंद झाले. ज्या राजवटीने त्याच्या अस्थीही शिल्लक ठेवल्या नाहीत, तिनेच पुढे आपल्या राजधानीतील बागेला त्याचे नाव दिले! म्हणून गामा उतरला त्याच न्यायाने ओर्ताचे नावही पुसावे, असे कोणी म्हणाल्यास मी त्यास सहमत होणार नाही. एक नाव जेत्याचे, दुसरे त्याच सत्तेच्या बळीचे.

मला या ग्रंथाचे अगत्य आहे ते आणखी एका कारणाने. त्यात आपले शब्द आहेत. पटकीच्या रोगाला येथील लोक काय म्हणतात, हे सांगताना तो जे नाव देतो ते आपल्या ‘मोडशी’चेच रूप. ज्या फळाच्या साली वाळवून आपण सोलां करतो, ते भिरंड त्याच्या लेखणीतून ‘ब्रिंदांव’ होऊन उतरते. निगुडीला त्याने ‘नेगुंदो’ म्हटले, आणि तो शब्द आजही त्या झाडाच्या शास्त्रीय नावात टिकून आहे. क्लूसियस या पंडिताने १५६७ साली अँटवर्पहून या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि युरोपच्या वैद्यांनी तो अभ्यासला. ज्ञानेश्वरी-दासबोधाच्या आधारे शब्दांचा माग काढणाऱ्या आम्हा प्राध्यापकांनी या परभाषेतील साक्षीकडे पुरेसे लक्ष दिले नाही, याचा मला विषाद वाटतो. पोर्तुगीज जाणणारी पिढी गोव्यातून झपाट्याने नाहीशी होत आहे.

या शाळेकडे माझे एक मागणे आहे. वरच्या वर्गातील मुलांनी ओर्ताच्या ग्रंथातील झाडांची यादी हाती घ्यावी. मार्कहॅम याचे १९१३ चे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. मग वाळवंटीच्या काठाने हिंडून त्यांतील कोणती झाडे येथे उभी आहेत, आणि घरातील आजी त्यांना कोणत्या नावाने ओळखते, हे वहीत उतरवून घ्यावे.