पोते कसे भरावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की काहीतरी भारदस्त ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा असते. मला मात्र कार्यकारिणीने सांगितले, की पोती आणि पुड्या भरण्याची जी साधने निघाली आहेत त्यांच्यावर बोला. विषय ऐकून आमच्या घरी हशा पिकला. पोत्यात धान्य ओतायचे, त्यात अर्धा तास सांगण्यासारखे काय, असे सगळ्यांना वाटले. पण भगिनींनो, आपला ज्वारीच्या पिठाचा, तुरीच्या डाळीचा आणि तिखटाचा उद्योग आता चार घरांपुरता राहिलेला नाही. शिलकीतून यंत्र घ्यायचे की नाही, आणि घ्यायचे तर कोणते, हे पुढच्या बैठकीत ठरायचे आहे. ती शिल्लक म्हणजे आपण दरमहा पोटाला चिमटा घेऊन टाकलेली बचत आहे. तेव्हा हातचे राखून न ठेवता जे कळले ते सांगते.

आपल्याकडे पूर्वी धान्य तोलत नसत, मापत असत. खळ्यावर रास पडली की पायली घेऊन बसायचे आणि पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, आणि शेराच्या खाली मापटे, चिपटे, कोळवे, निळवे अशी सगळी उतरंड. आपल्या मराठवाड्यात पल्ल्याचाही हिशेब चाले. पायली शिगेची भरायची की सपाट, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरल्याच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी ऐकल्या असतील. घेणाऱ्याला शीग हवी, देणाऱ्याला सपाट! १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, १९६२ मध्ये ती सगळीकडे सक्तीची झाली आणि बाजारातला व्यवहार किलोवर गेला. पायली मात्र पुष्कळ घरांतून अजून हललेली नाही.

ही जुनी गोष्ट सांगण्याचे कारण असे, की यंत्रांतही हेच दोन पंथ आहेत, मापणारी यंत्रे आणि तोलणारी यंत्रे. मापणारे यंत्र स्वस्त असते. त्यात एक तबकडी फिरते, तिला ठरावीक आकाराचे पेले बसवलेले असतात, वरून धान्य पडून पेला भरतो, एक पट्टी वरची शीग कापते आणि पेला खाली रिकामा होऊन माल पुडीत पडतो. म्हणजे विजेवर चालणारे मापटेच की! साखर, मीठ, डाळ यांना ते चालून जाते, कारण त्यांचे दाणे एकसारखे आणि घट्ट. पण पिठाचे काय? मी घरी एक लिटरचे माप घेऊन हा प्रयोग करून पाहिला. ज्वारी सुमारे पाऊण किलो भरली. तुरीची डाळ तिच्याहून थोडी जड. पीठ हलक्या हाताने भरले तेव्हा अर्धा किलो बसले, आणि तेच माप ओट्यावर चार वेळा आपटून, टिपून पुन्हा भरले तेव्हा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास गेले. पातळ पोह्यांचे तर वजन नावालाच. आता सांगा, एकाच मापात एकाच पिठाचा दीडशे ग्रॅमचा फरक पडत असेल, तर पेल्यांचे यंत्र पिठाशी न्याय कसा करणार? सकाळचे पीठ सैल, दुपारचे दबलेले, पावसाळ्याचे आणखी निराळे.

हा नुसता गिऱ्हाइकाच्या नाराजीचा प्रश्न नाही. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. पुडीवर निव्वळ वजन, कमाल विक्री किंमत, भरणाऱ्याचे नाव आणि पत्ता छापावा लागतो. अर्धा ते एक किलोच्या पुडीत एखादवेळी १५ ग्रॅमपर्यंतचा फरक नियम सहन करतो. पण तपासणीला घेतलेल्या पुड्यांची सरासरी छापील वजनाच्या खाली आलेली मात्र चालत नाही. म्हणजे प्रत्येक पुडीत दहा ग्रॅम कमी भरून पंधराच्या आत राहिलो, असे म्हणायची सोय नाही.

आता तोलणाऱ्या यंत्राकडे वळते. नाव कितीही मोठे असले तरी त्याचे चार अवयव आपल्या घरचेच आहेत. पहिला अवयव वरचा शंकू, ज्याला कारखान्यात 'हॉपर' म्हणतात. आपण त्याला चाडे म्हणू या. तिफणीवर चाडे असते, त्यात मुठीने बी सोडायचे आणि मूठ अशी राखायची की बी ना दाट पडावे ना विरळ. यंत्रात मुठीच्या जागी एक सरकते दार असते. दुसरा अवयव पोत्याचे तोंड धरणारी चौकट. तिसरा काटा. चौथे, तोंड शिवणारे किंवा चिकटवणारे साधन.

चाड्याविषयी थोडे जास्त सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. पाण्याच्या टाकीची तोटी उघडली तर टाकी भरलेली असताना धार जोरात येते आणि पाणी उतरेल तशी मंदावते. धान्याचे तसे नाही. चाडे काठोकाठ भरलेले असो की अर्धे, खालच्या भोकातून ज्वारीची धार जवळजवळ सारखीच राहते. वरच्या धान्याचा बराचसा भार बाजूच्या भिंती घासून उचलून धरतात, तो खालपर्यंत पोचतच नाही. जान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली धान्याच्या कोठारांवर प्रयोग करून हा भिंतींचा हिशेब मांडला. वाळूचे घड्याळ वेळ सांगू शकते ते या धारेच्या सारखेपणामुळेच. म्हणून ज्वारी, गहू, डाळ भरायला साधे पत्र्याचे चाडे आणि सरकते दार पुरते.

पीठ मात्र हट्टी. भोकाच्या वर त्याची कमान धरते, खाली पोकळी राहते आणि वर मणभर पीठ अधांतरी. मग आपण काठीने पत्रा बडवतो आणि सगळे एकदम धबकन कोसळते. त्यासाठी चाड्याच्या बाजू उभट लागतात, पत्रा आतून गुळगुळीत लागतो आणि तळाशी एक फिरता मळसूत्री दांडा बसवतात. त्याच्या वेढ्यांतून पीठ पुढे सरकते. किती वेढे फिरले यावर किती पीठ पडले हे ठरते. तिखटालाही हेच लागते. एवढे सांगून ठेवते, की दांडा फिरत असताना त्यात हात घालून गाठ मोडायची नाही, आणि तिथे काम करताना पदर आणि बांगड्या आवरूनच बसायचे.

काट्याचे म्हणाल, तर चांगले यंत्र जुन्या किराणा दुकानदारासारखे वागते. तो कसा, आधी भराभर ओततो आणि पारडे हलू लागले की चिमटीचिमटीने सोडतो. यंत्रही आधी मोठी धार सोडते आणि वजन जवळ आले की बारीक. दार बंद झाल्यावरही वाटेतले दाणे पोत्यात पडतच असतात, म्हणून तेवढा अंदाज धरून ते दार आधीच लागते. मापात पाप नको असे आपण म्हणतो. इथे तो हिशेब यंत्राला आधी शिकवावा लागतो आणि दर मालागणिक पुन्हा शिकवावा लागतो.

काट्याबरोबर बारदान्याची गोष्ट आलीच. पन्नास किलोचे प्रमाणित तागाचे पोते सुमारे ५८० ग्रॅम भरते. शंभर पोत्यांमागे ५८ किलो. काट्यावर रिकामे पोते ठेवून आकडा शून्यावर आणला नाही, तर ५८ किलो तागच धान्याच्या भावाने विकल्यासारखे होते. उलटही घडते. एका व्यापाऱ्याने आमच्या घरच्या ज्वारीला पोत्यामागे सरसकट एक किलो बारदाना कापला. म्हणजे पोत्यामागे ४२० ग्रॅम आणि शंभर पोत्यांमागे ४२ किलो आमच्या पदरचे गेले. प्लॅस्टिकच्या विणीच्या पोत्याला तर त्याहून किती कमी वजन! घरात स्वतःचा मोहोर असलेला काटा असता तर वाद घालायला तोंड राहिले असते. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आधी काटा, बाकीचे सगळे नंतर.

आता जरा नाजूक विषय, आपल्या पाठीचा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती बाया उसाच्या फडात मोळ्या वाहतात हे मी सांगायला नको. आमच्या जाऊबाईंना कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय स्वयंपाकाला उभे राहवत नाही. पोते भरायचे म्हणजे दोघींनी तोंड धरायचे, तिसरीने घमेले ओतायचे, आणि मग चौघींनी मिळून ते ओढायचे. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली राज्यात माथाडी कायदा झाला, तेव्हा कुठे पाठीवर ओझे वाहणाऱ्या पुरुषांची दखल घेतली गेली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की पुरुषानेही ५५ किलोपेक्षा जास्त ओझे हाताने वाहू नये आणि स्त्रियांसाठी मर्यादा त्याहून पुष्कळच कमी असावी. तेव्हा आपल्या मंडळाचे पोते पंचवीस किलोच्या वर नसावे असे मी सुचवते. व्यापारी पन्नासचा कट्टा मागतील. त्यांना दोन पंचवीस द्यावेत.

आणि चाड्यातून माल आपोआप खाली पडतो हे खरे, पण तो आधी वर कोणी चढवायचा? कारखान्यात त्यासाठी पट्ट्यावर बादल्यांची माळ फिरते, अगदी आपल्या रहाटगाडग्यासारखी. आपल्याला ती परवडणार नाही. पण आपली गिरणी उंच ओट्यावर बसवली तर पीठ सरळ चाड्यात पडेल, आणि चाड्याखाली काटा अशा उंचीवर ठेवता येईल की भरलेले पोते जमिनीवरून उचलावेच लागणार नाही. एक मात्र पाहावे लागेल. गिरणीतून निघालेले पीठ गरम असते. ते तसेच पिशवीत कोंडले तर आत घाम धरतो, गाठी होतात, बुरशी येते. चाड्याच्या आधी ते पसरून निवू द्यायला जागा हवी. पिठाची धूळ नाकातोंडात जाते, तेव्हा तोंडाला फडके बांधावे, आणि त्या खोलीत चूल किंवा शेगडी मुळीच नको. अमेरिकेत मिनिआपोलिस येथे १८७८ साली पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन अख्खी गिरणी उडाली आणि अठरा माणसे दगावली.

तोंड शिवण्याविषयी आपल्याला कोणी शिकवायला नको. दाभण आणि सुतळीने एक पोते शिवायला लागणारा वेळ आपण जाणताच. हातात धरायचे शिलाई यंत्र मिळते, ते साखळी टाका घालते. भरतकामातल्या साखळीसारखाच तो असल्यामुळे योग्य टोक ओढले की सगळा टाका सरसर उसवतो आणि पोते न फाडता मोकळे होते. पुड्यांसाठी तापत्या पट्टीचे चिकटवणी यंत्र पुरेसे आहे. पुड्यांवरून आठवले, चौकोनी बुडाची कागदी पिशवी करणारे यंत्र मार्गारेट नाइट या अमेरिकन बाईने तयार केले. एका गृहस्थाने तिचा नमुना पाहून स्वतःच्या नावावर हक्क मागितला. बाईला असले यंत्र कळणारच नाही, असाही त्याचा दावा असल्याचे सांगतात. तिने आपली चित्रे आणि टिपणे पुढे ठेवली, आणि १८७१ साली पेटंट तिलाच मिळाले.

आता राहिले ते पूर्ण स्वयंचलित यंत्र, ज्याची चित्रफीत विक्रेत्याने मोबाइलवर दाखवली आणि आपल्यापैकी निम्म्याजणी हरखून गेल्या. ते प्लॅस्टिकच्या गुंडाळीतून स्वतःच पिशवी करते, भरते, चिकटवते आणि कापते. मी नुसता हिशेब मांडते. मिनिटाला वीस पुड्या म्हटल्या आणि पुडी अर्ध्या किलोची धरली, तर मिनिटाला १० किलो आणि तासाला ६०० किलो होतात. आपली गिरणी तासाला फार तर एक क्विंटल दळते. म्हणजे यंत्र दहा मिनिटे चालणार आणि पन्नास मिनिटे बसणार. त्याला दाबलेली हवा लागते, अखंड वीज लागते आणि बिघडले तर बाहेरगावाहून कारागीर लागतो. ज्या लिज्जत पापडाचे नाव आपण नेहमी घेतो, त्याची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पुढे पसारा एवढा वाढला तरी पापड बायका घरी लाटतात आणि केंद्रावर तोलून देतात. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्या दिवशी आपली गिरणी त्याला पुरेल, त्या दिवशी मीच ठराव मांडीन.

तूर्त माझी सूचना अशी आहे. मोहोर असलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा, पोत्याचे तोंड धरणारी लोखंडी चौकट, सरकत्या दाराचे एक पत्र्याचे चाडे, हातशिलाईचे यंत्र आणि चिकटवणीची पट्टी एवढेच या वर्षी घ्यावे. चौकट आणि चाडे इथल्या इथे ठोकून घेता येईल. पिठाचा मळसूत्री दांडा पुढच्या वर्षी पाहू. तोवर पीठ पळीने काट्यावरच भरावे. चार पुड्या कमी होतील, पण वजन चुकणार नाही.

बैठकीला येताना ज्यांच्या घरी जुनी पायली किंवा अधोली असेल त्यांनी ती बरोबर आणावी. ज्वारी, डाळ, पीठ सगळे मापून आणि तोलून पाहू, आणि मग मत टाकू. चाड्याचे कच्चे चित्र मी काढून आणले आहे, ते कार्यवाहबाईंकडे देते. दाराची उंची आपल्यातल्या सर्वांत बुटक्या बाईच्या कोपराला लागेल अशी धरली आहे. कोणाला ती गैरसोयीची वाटली तर आताच सांगावे, पत्रा कापल्यावर नव्हे.