आधी रानफुलं, मग झाडं

शायरीत गुलाबाचा रुबाब मोठा. मधमाशीला विचाराल, तर ती वेगळंच सांगेल. रोपवाटिकेतल्या भरगच्च गुलाबात बऱ्याच पुंकेसरांच्या पाकळ्याच झालेल्या असतात. दस्तरखान मांडलेलं, पण ताटं रिकामी! माळावरचा तरवड गजऱ्यात सहसा दिसत नाही. पण त्याच्या पिवळ्या फुलांना काळा भुंगा अंग थरथरवून हलवतो आणि पराग झाडून घेतो. काही पिवळ्या फुलपाखरांचे सुरवंट त्याचीच पानं खाऊन वाढतात.

अशा बिनमानाच्या फुलांची गरज आज फार आहे. रस्त्यांसाठी, घरांसाठी मुरूम निघाला आणि गावोगावी उघडे खड्डे मागे राहिले. वरची माती गेली, की तिथं गाजरगवत बस्तान मांडतं. मग पावसाळ्यात वृक्षारोपण होतं. खड्डा, रोप, फोटो. मातीच नाही, तिथं रोप उन्हाळ्यात वाळून जातं. अशा जमिनीला आधी गवत आणि रानफुलं द्यावीत, झाडं मागाहून. गवताची मुळं माती धरतात, वाळलेली पानं कुजून माती वाढवतात. शरपुंख्यासारख्या शेंगांच्या झुडपाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात.

यात शेतकऱ्याचाही जीव गुंतला आहे. ओळखीचे एक शेतकरी मला म्हणाले, ‘‘भाई, भोपळ्याला फुलं लई, पण फळ धरंना.’’ भोपळा, काकडी, कारलं यांची नर आणि मादी फुलं वेगळी. एकाचा पराग दुसऱ्याकडे न्यायला कीटकच लागतो. कांद्याच्या बियाण्यालाही मधमाशी हवी. पीक फुलात नसतं, तेव्हा ती काय खाणार? फवारलेल्या शेताच्या कडेला तिचं पोट भरेल, अशी जागा कुठं उरली आहे?

म्हणून फुलांची पाळी लावून घ्यावी. पावसाळ्यात तेरडा, त्यानंतर कुर्डू आणि कुंभा, बांधाला बोर आणि निर्गुडी, उन्हाळ्याच्या तोंडाशी करंज आणि कडुनिंब. तरवड तर बराच काळ साथ देतो. बी आपल्याच परिसरातलं घ्यावं, तेही थोडं. बाकीचं रानाला ठेवावं. पावसाआधी उतारावर आडवे दगडी बांध घालावेत, जमीन वरवर खरडावी आणि कोरड्या मातीत कालवून बी फेकावं. गाजरगवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावं. बी पडेपर्यंत कापणी नको. फवारणी आणि वणवा तर नकोच. जमिनीचा एक तुकडा उघडाच ठेवावा. एकट्यानं राहणाऱ्या कितीतरी माश्या मातीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना पोळं नसतं, राणीही नसते.

पहिल्या वर्षी लोक विचारतील, ‘‘हे तण कशाला वाढवलंत?’’ विचारू द्यावं. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात बी आपोआप पडू लागतं, माती काळवंडू लागते. मग त्या मातीत झाड लावावं. ते जगायची आशा धरता येते.

ग्रामपंचायतीनं सोडून दिलेल्या खाणीतले दोन गुंठे दिले, तरी सुरुवात होईल. खर्च फारसा नाही. सबुरी मात्र पुष्कळ लागेल.